अग्रलेखासमोर

"ह्यांच्या निधनाची बातमी इथेच यायला हवी," पावलकबाईंनी पेपर उघडून उजव्या पानावर बोट टेकवलं. डाव्या पानावर अग्रलेख होता.

"गेल्या आठवड्यात नक्की आली असती, बाई," गिलरॉय म्हणाला.

न्यूयॉर्कच्या या पेपरात तो बावीस वर्षं मृत्युलेख लिहीत होता, आणि त्याची मेलेली माणसं बावीस वर्षं अग्रलेखाच्या समोर सुखाने नांदत होती. या सोमवारी त्यांची उचलबांगडी झाली, थेट टायरच्या जाहिरातींशेजारी. रिकामं झालेलं पान बाहेरच्या लोकांच्या मतांना मिळालं. त्याला सगळे ऑप-एड म्हणू लागले होते. अर्थ काय, तर अग्रलेखाच्या समोरचं पान, एवढंच. गिलरॉयला ते नाव काढलेलंही खपत नसे.

"तीस वर्षं ह्यांनी तुमच्या साहेबांना पत्रं लिहिली. एक छापलं नाहीत तुम्ही. म्हणायचे, मेल्यावर तरी समोरासमोर गाठीन लेकाच्यांना."

गिलरॉय ओशाळला. "एखादं पत्र आहे घरी?"

"शेवटचं पर्समध्येच आहे. पेटीत टाकायचं राहून गेलं."

भुयारी रेल्वेतल्या टोकनच्या खिडक्या बंद करा, असं मागे एका अग्रलेखाने म्हटलं होतं. थडिअस पावलक अशाच एका खिडकीत बसायचे. रात्री मागे कोणी लागलं की एखादी पोरगी खिडकीच्या उजेडात येऊन उभी राहते. ती उद्या कुठे उभी राहणार, असं त्यांनी पत्रात विचारलं होतं.

गिलरॉयने ते पत्र तडक नव्या पानाची संपादिका ओडेल हिच्या टेबलावर ठेवलं. तिने ते दोनदा वाचलं.

"घेते. खाली लेखकाची ओळख लागते. एका ओळीत दे."

त्याने लिहिलं: 'लेखक भुयारी रेल्वेत टोकन विकत असत. मंगळवारी त्यांचे निधन झाले.'

"अरे, मेलेल्याचं मत छापू?"

"मत जिवंतपणीचं आहे."

गुरुवारी पत्र छापून आलं, अगदी अग्रलेखासमोर. शुक्रवारच्या अग्रलेखाची सुरुवातच अशी होती: 'श्री. पावलक यांचे म्हणणे आम्हास साफ अमान्य आहे.'

नऊच्या सुमारास गिलरॉयचा फोन वाजला.

"वाचलं हो," पावलकबाई म्हणाल्या. मग त्यांनी घसा खाकरला. "त्या समोरच्या पानावर किती शब्द बसतात?"