तीन थांबे पुढे

बसने वळण घेतलं, खाली धरणाचं पाणी उघडं पडलं आणि अपेक्षाला हसू आलं. लगेच तिने ओढणी तोंडावर धरली. पप्पांना जाऊन सव्वीस दिवस झाले होते.

तिचा थांबा आला. कंडक्टरने दोनदा पुकारलं. ती उठली नाही.

चोवीस वर्षांत ती पहिल्यांदाच एकटी बसमध्ये बसली होती. शाळा, कॉलेज, हिंजवडीचं ऑफिस, सगळीकडे पप्पांच्या स्कूटरवर मागे. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं तरी तिच्या घशाला कोरड पडायची. 'पोरगी लाजाळू आहे, एकटी कशी पाठवू?' पप्पा सगळ्यांना सांगायचे.

ती तीन थांबे पुढे जाऊन उतरली. पाण्याच्या कडेने परत चालत आली. टपरीवर वडापाव मागून घेतला, एका गुराख्याला वाट विचारली. घसा कोरडा पडला नाही. वाटभर मजा वाटत होती, आणि त्या मजेची लाज.

रंभाबाई अंगणात वाळत घातलेलं भात पायाने फिरवत होत्या. दरवर्षी मळणी झाली की पप्पा वर्षाचा इंद्रायणी तांदूळ त्यांच्याकडूनच न्यायचे, अपेक्षाला सोबत घेऊन. त्यांना अजून काही कळलेलं नव्हतं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ती आली होती.

"आलीस व्हय? आन् पप्पा कुटं? गाडी लावत्यात का सावलीला?"

"पप्पा गेले, मावशी. मागच्या महिन्यात. झोपेतच."

रंभाबाई होत्या तिथेच भातात बसल्या. बराच वेळ पदर डोळ्यांवरून काढला नाही. मग तिच्याकडे बघून म्हणाल्या, "आन् एवढ्या लांब एकटी आलीस, पोरी? लई जड गेलं आसंल."

आता अपेक्षाला रडू फुटलं. अंत्यविधीच्या वेळीही ती इतकी रडली नव्हती.

"नाही गेलं. मावशी, मला छान वाटलं. मुद्दाम पुढे गेले. बसमध्ये हसत होते मी. पप्पा असते तर त्यांनी एकटीला पाठवलंच नसतं. ते गेले म्हणून मला हे मिळालं. असं कुणाला होतं का?"

रंभाबाईंनी तिला जवळ ओढून बसवलं. हाताला लागलेलं भात तिच्या पाठीवर सांडलं.

"पैल्या साली तुझं पप्पा एकटंच आलं हुतं. तासभर त्या बांधावर हुबं. हाक मारायला लाजत हुतं. मीच म्हनलं, कोन पायजे? तर निघताना मला म्हनलं, फुडल्या वर्सी लेकीला आनतो, ती आसली म्हंजी मला जमतं."

"मला भीती वाटायची ना, म्हणून आणायचे."

"तुला?" रंभाबाई रडता रडता हसल्या. "चार वर्साची तू. गाडी थांबायच्या आत उडी मारून एकटीच पार पान्यापत्तूर पळायचीस. हाका मारल्या तरी मागं बघायची न्हाईस. भ्यायचं ते तुझं पप्पा."