घरच्या रस्त्याला

गाडीची सीट शिवणकामाच्या दुकानाच्या दारात ठेवताना ज्योतीरामनं कमरुन्निसाकडं पाहिलं नाही. जयसिंगनंही नाही. दोघांनी ती फियाटच्या टपावर दोरीनं बांधून मोशीहून आणली होती. चिखलानं माखलेली, एका अंगानं चेपलेली. पाठीवरचा सोळा नंबर तेवढा अजून वाचता येत होता.

"अर्जुनरावांची," ज्योतीराम म्हणाला.

"दिसतंय मला. डोळे शाबूत हायेत."

अर्जुनराव काल दुपारी गेला. मोटारींच्या रॅलीत नाही. चाकणहून घरी जेवायला येत होता. मोशीच्या सरळ रस्त्यावर आडवी आलेली म्हैस चुकवायला गेला आणि गाडी चिंचेवर घातली. ऐंशी सालच्या रॅलीत घाटाच्या एकाही वळणानं ज्याला हात लावला नाही, तो माणूस म्हशीपायी जातो, हे कंपनीतल्या पोरांच्या घशाखाली उतरत नव्हतं. रजा टाकून, पाव-केळी बांधून घेऊन ही पोरं त्याची गाडी बघायला घाटात जाऊन बसायची. आज सकाळच्या शिफ्टला त्यांच्यातल्या कुणी डबा उघडला नव्हता.

"चाची, स्पष्टच सांगतो," ज्योतीराम म्हणाला. "सीटच्या पट्ट्याचं बक्कल लागलेलं होतं. आणि अर्जुनराव गाडीच्या बाहेर, बांधावर पडलेले. म्हणजे पट्टा उसवला. उद्या चिंचवडला शोकसभा आहे. एवढा ड्रायव्हर गेला कसा, असं लोक विचारणार. आम्ही पट्ट्याचं सांगायचं ठरवलंय. तुमचं नाव घेणार नाही."

"नाव घेणार न्हाई? लई उपकार झाले. मग चाकणपासून पिंपरीपर्यंत असले पट्टे शिवणारी दुसरी कोण हाय, तिचा पत्ता तरी दे. तिच्याकडं शिकायला जाते."

जयसिंग पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला.

लष्कराच्या जुन्या मालातला पॅराशूटचा पट्टा, मेण लावलेला दोरा, आणि जोडावर एक चौकोन शिवून त्यात फुली. सीटचं कव्हर असो नाहीतर ट्रकची ताडपत्री, तो चौकोन दिसला की लोक ओळखायचे, कमरुन्निसाचा हात आहे. रॅलीला गाडी सुटायच्या आधी अर्जुनराव छातीवरच्या त्या फुलीवर अंगठा दाबायचा. ते बघून पोरांनाही पट्ट्यांची हौस लागली. जयसिंगनं तर ही जुनी फियाट घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्याकडून दोन पट्टे शिवून घेतले होते.

कमरुन्निसा खाली बसली. गुडघे वाजले. ओल्या फडक्यानं ती पट्ट्यावरचा चिखल पुसू लागली. एक चौकोन निघाला. मग दुसरा. सगळे पुसून झाले, तरी हललेला टाका एकही सापडला नाही.

"हात लाव," ती म्हणाली. "कंपनीत लोखंड ओढतोस न्हवं? हे ओढ."

ज्योतीरामनं दोन्ही हातांनी ओढलं. सीट सरकली. शिवण सरकली नाही.

"आता सांग. बक्कल लागलेलं होतं, ते कुठं?"

त्यानं पट्टा खाली सोडला.

"सीटच्या मागं," जयसिंग हळूच म्हणाला.

रॅली संपली की अर्जुनराव पट्टा सीटच्या पाठीमागं न्यायचा आणि तिथंच बक्कल लावून टाकायचा. मोकळा लोंबला की टोचतो म्हणून. हे सगळ्यांना माहीत होतं.

ज्योतीराम उंबऱ्यावर टेकला. "चाची, मी सोजरबाईंना हो म्हणून बसलोय. काल त्यांनी मला एकच विचारलं, माझ्या लेकानं पट्टा बांधला व्हता ना रं? आता काय सांगू? की तुमचा लेक बेफिकीर होता?"

कमरुन्निसाच्या हाताशी ब्लेड पडलं होतं. एक चौकोन उसवायला किती वेळ लागतो, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? चार टाके कापले की एका आईचं समाधान होणार होतं. तिनं ब्लेड उचललं. पट्ट्यावर धरलं. ज्योतीरामनं मान दुसरीकडं फिरवली.

तिनं ब्लेड परत डब्यात टाकलं.

"परवा हितं चहा प्यायला," ती म्हणाली. "जाताना मी बघितलं, पट्टा मागं बांधलेला. त्याला कळलं मी बघितलं ते. म्हणला, चाची, घरच्या रस्त्याला कशाला? आन् हसला. लई गोड हसायचा. मी बी हसले."

ती थोडा वेळ फडकं पिळत राहिली. पाणी कधीच संपलं होतं.

"गिऱ्हाइकाला बोलल्याबिगर सोडत न्हाई, सुनांना सोडत न्हाई, मशिदीच्या इमामाला सोडत न्हाई मी. त्या दिवशी तेवढी हसले."

"चाची, तुमचा काय दोष..."

"उद्या मला सभेला ने. सोजरबाईच्या शेजारी बसव. तिला मी सांगते. पट्टा पक्का होता, बाई, कच्ची माझी जीभ निघाली. मग ती मला काय बोलायचं ते बोलंल. पण पट्टा उसवला असं त्या पोरांना सांगशील, तर बांधायचा कशाला, म्हणतील. आधीच कोण बांधतंय?"

ज्योतीराम उठला. सीट तिथंच राहिली. दोघं फियाटमध्ये जाऊन बसले. जयसिंगनं गाडी सुरू केली.

कमरुन्निसा दारात येऊन उभी राहिली. गाडी हलेना. जयसिंग आणि ज्योतीराम, दोघंही मागं वळून आपापल्या सीटच्या पाठीमागं हात घालून काहीतरी चाचपत होते. बकलं गंजली होती. निघायला वेळ लागत होता.

ती थांबली.