शेपटातली नळी

"तुम्ही मध्येच तुमचा रिमोट चालू केलात, माझा सिग्नल तुटला, म्हणून माझं आठ फुटी मॉडेल विमान पडलं!" मैदानावर मी सगळ्यांदेखत टिपणीसकाकांवर ओरडलो. तुकडे गोळा करता करता काकांनी माझी माफी मागितली. मोडलेलं शेपूट दुरुस्तीला नेलं आणि त्यानंतर ते मैदानाकडे फिरकलेच नाहीत.

आज ते शेपूट घेऊन घरी आले. आत टोकापर्यंत एक बारीक नळी चिकटवलेली.

"अँटेनाची वायर यातून सरळ ओव. गुंडाळली की सिग्नल पोचत नाही."

लोंबती वायर वाईट दिसते म्हणून मीच ती गुंडाळून बॅटरीखाली चिकटवली होती. तुकडे उचलतानाच काकांनी ती पाहिली असणार.

"मग तेव्हाच का नाही बोललात?" मी कसंबसं विचारलं.

"चारचौघांत?" काका म्हणाले.