एकशे सत्तेचाळीसावी जागा

"तुम्ही जुमिरा नाही," नस्तिती म्हणाली.

बाकावरची बाई सिगारेट वळता वळता थांबली. तिच्या गळ्यातल्या कार्डावरच्या फोटोत हनुवटीवर ठसठशीत तीळ असलेली बाई होती. हिची हनुवटी कोरी होती.

"जन्मतारीख सांगा."

बाईने शेजारणीकडे पाहिलं. कुदुस गावातल्या या सिगारेटच्या कारखान्यात बायका जोडीने बसतात. एक लवंगी सिगारेट वळते, दुसरी तिची टोकं कातरते. कातरणारीने मान खाली घातली.

"जुमिरा माझी वहिनी," बाई शेवटी म्हणाली. "मलेशियाला घरकामाला गेलीय. तिथे नाही जमलं तर परत येईल. तोवर जागा धरून ठेवलीय नुसती. एकदा नंबर गेला की गेला, ताई. नवी भरती पाच वर्षं बंद आहे."

"कार्डावर ज्याचा फोटो, तोच माणूस समोर पाहिजे."

"तुला आईबाप आहेत ना, पोरी?"

नस्तितीने फुली मारली आणि पुढचं नाव वाचलं.

तिला काही वाटलं नाही. हल्ली तिला कशाचंच फारसं काही वाटत नसे. गेल्या गुरुवारी आईला जाऊन शंभर दिवस झाले. धाकट्या बहिणीने, वुरीने, आईचा फोटो मोठा करून आणला आणि भिंतीवर लावला. गल्लीतली माणसं जमली, प्रार्थना झाली, सगळे भाताचे डबे घेऊन घरी गेले. वुरी रडली. नस्तिती डबे पुरतात की नाही ते बघत बसली.

हांदोयो साहेबांना तिची हीच गोष्ट आवडायची. सेमारांग शहरातल्या ऑडिट फर्ममध्ये ते तिचे वरिष्ठ. कॉलेजने दोन महिन्यांपूर्वी तिला त्यांच्याकडे इंटर्नशिपला पाठवलं, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला होता. तपासणी होणार त्या कंपनीत कोणी नातलग नोकरीला आहे का? तिने लिहिलं, नाही.

"कुदुसची पोरगी, आणि सिगारेटच्या कारखान्यात घरचं कोणी नाही?" हांदोयो हसले होते. "काय, सगळे मिळून गावातल्या त्या प्रसिद्ध मशिदीचा मनोरा राखतात की काय?"

"कोणी नाही, साहेब."

"मग बरंय. तुलाच पाठवता येईल."

काम तसं सोपं होतं. हजेरीपटावर जितकी नावं, तितकी माणसं खरोखर बाकांवर आहेत का, एवढंच बघायचं. नाव वाचायचं, कार्ड बघायचं, चेहरा बघायचा, शंका आली तर जन्मतारीख विचारायची. या मजल्यावर दीडशे नावं होती.

सकाळी वुरीला या मोजणीची तिच्यापेक्षा जास्त काळजी लागली होती. पाच वाजता आईचा निळा रुमाल डोक्याला बांधून ती कामाला निघाली आणि सायकलवर बसता बसता म्हणाली, "नावं खणखणीत वाच, ताई. मध्येच अडखळू नकोस. तू अडखळलीस की सगळ्यांना कळतं."

"नाही अडखळणार."

"डबा घेतलास?"

"घेतला."

डबा पिशवीतच राहिला. नऊच्या सुट्टीत हांदोयो तिला फाटकासमोरच्या टपरीवर घेऊन गेले आणि दोन वाट्या सोतो, म्हणजे मांसाचा पातळ रस्सा, मागवला. लवंगेच्या वासाने ते सकाळपासून शिंकत होते. नस्तितीला तो वास येतच नव्हता.

"फुल्या किती?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"शाब्बास. मागच्या वर्षीच्या पोराने एकही मारली नव्हती. मावश्यांनी रडून रडून गुंडाळला त्याला. शेवटी तोच रडायला लागला." त्यांनी रश्शात मिरचीची चटणी कालवली. "तुझा अहवाल मी लिहून ठेवलाय. सही तेवढी बाकी आहे. शेवटची रांग माझ्यासमोर घे. नीट झालं तर जुलैपासून ऑफिसात खुर्ची तुझी."

"आणि चुकलं तर?"

"चूक झाली तर मी रागावेन. पण जाणूनबुजून खोटी खूण केलीस, तर कॉलेजला कळवावं लागेल. मग कुठलीच फर्म दारात उभी करत नाही. तुझं तसं काही होणार नाही. खा, गार होतंय."

तिने वाटी संपवली. म्हशीचं मांस होतं की कोंबडीचं, ते तिला नंतर आठवलं नाही.

शेवटच्या रांगेशी हांदोयो बायकांच्या पाठीमागे, वाटेत उभे राहिले. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातातला रुमाल नाकाला. मुकादमीण भिंतीशी टेकून नखं बघत होती. जुमिराची नणंद आता बाकावर नव्हती, आणि तिची जोडीदारीण रिकामी कात्री हातात घेऊन नुसतीच बसली होती.

"एकशे पंचेचाळीस." कार्ड, चेहरा, खूण.

"एकशे सेहेचाळीस." कार्ड, चेहरा, खूण.

"एकशे सत्तेचाळीस. कास्मिना."

"हजर."

"जन्मतारीख विचार," हांदोयो मागून म्हणाले. "ही शेवटची पानं मी कधी सोडत नाही."

"जन्मतारीख?"

समोरून तारीख आली, महिना आला, वर्ष आलं. एक आकडा इकडचा तिकडे नाही. हांदोयोंनी आपल्या कागदाशी ताडून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. शेजारची म्हातारी कातरणारी बाई कातरतच राहिली. तिने एकदाही वर पाहिलं नाही.

नस्तितीने कार्ड हातात घेतलं. तोच फोटो गेल्या गुरुवारपासून मोठा होऊन घरच्या भिंतीवर होता. मग तिने निळ्या रुमालाखालच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

वुरीने पापणीही हलवली नाही.

नस्तितीने बरोबरची खूण केली आणि पुढचं नाव वाचलं, खणखणीत, कुठेही न अडखळता.