रेघेवरचा उंचवटा

“बाबा, हे जुने व्हिडिओ आता काढायचे हं. आपलं चॅनल खाली ओढतायत,” मुलगी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली.

बाबा शिलाई मशीन आडवं करून त्याच्या पोटात तेल सोडत होते. “काढ की. तुला त्यातलं कळतं,” म्हणाले खरे, पण तेलाची बुधली हातात तशीच राहिली.

तिला कळत होतंच. बाबांनी बिघडलेली मशीनं दुरुस्त करायची आणि तिने त्याचे व्हिडिओ टाकायचे, असा बापलेकीचा कारभार. बघणारे किती वाढले, किती वेळ टिकले, कुठे कंटाळून पळाले, सगळं तिच्यासमोर आलेखात मांडलेलं. नवे व्हिडिओ कसे आटोपशीर, मागे संगीत. जुने म्हणजे नुसता आनंदीआनंद! अर्ध्या चेहऱ्यावर खिडकीचा उजेड, आणि बाबा एका स्क्रूवर पुराण लावून बसलेले. दोऱ्याची एक कंपनी उद्या हे आकडे बघून जाहिरातीचं ठरवणार होती. म्हणून आज ही झाडलोट.

काढायच्या व्हिडिओंवर खुणा करत करत ती बॉबिनच्या व्हिडिओपाशी आली आणि थांबली. बघणाऱ्यांची रेघ एरवी घसरगुंडीसारखी खाली येते. इथेही आली होती, पण मध्येच चांगली टेकडीएवढी वर चढली होती. म्हणजे कोणीतरी तेवढाच तुकडा मागे नेऊन नेऊन बघत होतं. गेल्या महिन्यात बघणारा माणूसही एकच. तोही टीव्हीवर.

“अगं बाई! बाबा, हा बॉबिनचा व्हिडिओ कोण बघतं हो एवढं?”

बाबांनी मशीन सरळ केलं, फडक्याने पुसलं, पुसून झालेलंच परत पुसलं. “मीच. तू कामाला गेलीस की लावतो. म्हटलं, तेवढेच तुझे आकडे वाढतील.”

“असे नाही वाढत हो!” तिला हसू आवरेना. “एकट्याने धोशा लावून काय होतंय? आणि लावायचा तर अख्खा लावा, तेवढाच तुकडा का? बॉबिन कशी भरायची ते विसरलात की काय?”

बाबा हसले नाहीत. “काढून टाक म्हटलं ना. संपलं.”

तिने टेकडीच्या टोकावर क्लिक करून तो तुकडा लावला.

पडद्यावरचे बाबा दोऱ्याचं टोक शोधत होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, “अहो, चहा निवला! त्या मशीनला पाजू का आता?”

पडद्यावरचे बाबा वैतागले. “थांब गं जरा! काम चाललंय, दिसत नाही?”

मुलीचं हसू जागच्या जागी विरलं. आई कॅमेरा दिसला की पदर सावरत आत पळायची. माझं थोबाड कशाला दाखवायचंय लोकांना, म्हणायची. वारली तोवर एकाही व्हिडिओत आली नाही. हा आवाजसुद्धा तेव्हा कापायचा होता, कंटाळा केला म्हणून राहिला. सकाळी पांघरूण ओढताना हाच आवाज असायचा, जिन्यात पाऊल वाजलं की हाच. घरभर सांडलेला असायचा, तेव्हा जपून ठेवायचं कोणाच्या मनात येणार? तिला आई हवीशी वाटली, अगदी लहानपणी वाटायची तशी.

तिने त्या व्हिडिओवरची खूण काढली.

“अगं, पण उद्या ती कंपनीची माणसं...”

“बघू दे त्यांना. ओढलं खाली तर ओढलं.”

बाबांनी डोळे फडक्याला पुसले. फडकं तेलाचं आहे हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला, आवाज वाढवला आणि तुकडा पुन्हा मागे नेला.

“अहो, चहा निवला! त्या मशीनला पाजू का आता?”

बाबा स्टुलावरून उठले. पडद्यावरचे बाबा खेकसायच्या आत, आतल्या दाराकडे बघत हळूच म्हणाले, “आलो गं, आलो.”