नमुन्याची बाटली

स्वयंपाकघरातला नळ खळखळला आणि मी दचकून उठले. हे ओट्यापाशी बाटली भरत होते. बाटलीवर चिठ्ठी होती: 'सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, नदीत सोडलेलं पाणी.'

"अहो, हे तर आपलं प्यायचं पाणी!"

"केंद्राची मोटार दोन महिने बंद आहे, सांडपाणी तसंच नदीत जातंय. तपासणीत नमुना नापास झाला तर साहेब मलाच कामावरून काढतील."

"अन् तिकडे खालच्या गावात माझी आई नदीचं पाणी पिऊन सलाईनवर आहे, त्याचं काय?"

त्यांनी नळ बंद केला. झाकण त्यांच्याकडून नीट बसेना, शेवटी मीच ते घट्ट लावून दिलं.

अंथरुणातून लेक सगळं ऐकत होती. तिनं शाळेची बाटली आणून माझ्यापुढे धरली.

"ही पण भर. आजीच्या अख्ख्या गावाला अशा किती लागतील गं, आई?"