वरच्या टाकीचं चाक

किल्ल्यांचा जुडगा तिने हातात घेतला, तोच भिंतीवरचा दिवा लाल झाला. खालच्या नियंत्रण कक्षाशी संपर्क तुटला होता. ती मुळीच गडबडली नाही. असं दिवसातून आठ-दहा वेळा व्हायचंच. टेकडीवरच्या टाकीची पातळी वायरलेसने खाली कळायची, खालून हुकूम यायचा आणि व्हॉल्व्ह आपोआप उघडायचा, बंद व्हायचा. संपर्क गेला की तो शेवटच्या हुकुमावर अडून राहायचा. ही सगळी यंत्रणा तिनेच बसवली होती.

तिच्या गणिताप्रमाणे संपर्क दोन मिनिटं गेला तर खपून जाण्यासारखं होतं. प्रत्यक्षात पंधरा-पंधरा मिनिटं संपर्क जाऊनही तीन महिन्यांत पाणी ना सांडलं, ना तळाला गेलं. हे कसं, असं तिला वाटून गेलं होतं. पण पाठ थोपटली जात असताना असले प्रश्न कोण विचारतो? 'वरच्या टाकीवर माणसाची गरज नाही,' असा अहवाल तिने लिहिला. तो माणूस तिचा मामा होता. आईमागे त्यानेच तिला वाढवलं, याच पगारावर इंजिनीअर केलं. कामात नातं आणायचं नाही, असं तिने मनाला बजावलं. अहवाल मंजूर झाला. आज मामाचा शेवटचा दिवस होता आणि टाकीलगतची त्याची खोली ताब्यात घ्यायला ती आली होती.

दिवा लाल होताच मामा डबा अर्धा टाकून उठला. व्हॉल्व्हच्या लोखंडी चाकाशी गेला. पातळीच्या काचेकडे बघत त्याने ते पाव फेरा फिरवलं, थांबला, पुन्हा जरासं फिरवलं. दूध उतू जाऊ नये म्हणून आच कमी करावी, इतकं सहज. काचेतलं पाणी स्थिर झालं. तीन महिन्यांपूर्वीच रंगवलेल्या त्या चाकाचा रंग हाताच्या जागी पार उडाला होता.

तिने त्या उडालेल्या रंगावर बोट ठेवलं. "हे कधीपासून, मामा?"

"तुझी यंत्रणा बसली त्या दिवसापासून."

"अरे, मग एका शब्दाने सांगायचं! मी तुलाच घरी बसवलं रे!" तिला रडू फुटलं. यंत्रणा बसवल्यापासून आपण एकदाही टेकडी चढलो नाही, याची तिला लाज वाटली.

"आलो होतो की सांगायला," चाकावरचा हात न काढता मामा म्हणाला. "तू सगळ्यांसमोर म्हणालीस, मामा, तुला यातलं काय कळतंय, माझे आकडे बघ. मग म्हटलं, पोरीचे आकडे खोटे पडायला नकोत."